हार्डनेस बरोबर, तरी पिन मोडली : पोलादाचा चिवटपणा नेमका कशात असतो?

मायक्रोमीटर

नमस्कार. कोल्हापूरच्या परिसरात माझे लहानसे मशीनशॉप आहे आणि ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला लागणाऱ्या हुकपिना आम्ही काही वर्षांपासून बनवतो. ३० मिलिमीटर जाडीची, वर डोके आणि खालच्या टोकाला आरपार भोक असलेली ही अगदी साधी वस्तू आहे. मात्र ट्रॅक्टर आणि भरलेली ट्रॉली यांना जोडणारे तिच्याशिवाय दुसरे काही नसते. पूर्वी आम्ही ती ईएन ८ या साध्या मध्यम कर्बाच्या पोलादात करत असू. ती झिजायची, हंगामाच्या शेवटी मधोमध खाचा पडून वाकायची आणि गिऱ्हाईक कुरकुर करत नवी न्यायचे. पण मोडल्याची तक्रार एकदाही आली नव्हती.

झिजेची ही कुरकुर थांबवावी म्हणून यंदा गळीत हंगामाच्या तोंडावर मी दोन बदल एकदम केले. माल ईएन १९, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम घातलेले पोलाद, घेतला आणि ड्रॉइंगवर हार्डनेस, म्हणजे कठीणपणा, ४८ ते ५० रॉकवेल सी (टोचून मोजायचे माप) असा लिहिला. हा आकडा मी स्वतःच ठरवला, हे आधीच कबूल करतो. जितकी कठीण तितकी मजबूत, एवढाच हिशेब त्यामागे होता. साठ पिना गेल्या आणि तीन आठवड्यांत त्यांतल्या तीन मोडल्या. तिसरी एका गतिरोधकावर मोडली, मागची ट्रॉली सुटून बाजूच्या चरात गेली आणि त्या क्षणी मागे कोणी नव्हते म्हणून निभावले. उरलेल्या पिना दुसऱ्याच दिवशी फिरून परत गोळा केल्या.

मोडलेल्या तुकड्यावर हार्डनेस तपासला तर तो ४९ भरला. रासायनिक अहवालात कर्ब ०.४१, मँगनीज ०.७२, क्रोमियम १.०५, मॉलिब्डेनम ०.२४, गंधक ०.०३१ आणि फॉस्फरस ०.०३३ टक्के, म्हणजे सगळे मर्यादेत आहे. तुटलेला चेहरा मात्र पाहण्यासारखा आहे. खडीसाखरेचा खडा फोडल्यावर जशा चकाकणाऱ्या बारीक कडा दिसतात तसा तो दिसतो आणि दोन्ही तुकडे जुळवले की मध्ये फट राहत नाही, म्हणजे मोडण्यापूर्वी पिन जराही वाकलेली नाही. माल बरोबर, हार्डनेस बरोबर, तर मग चुकले कुठे?

भट्टीकर

आपल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा आपणच दिलेल्या माहितीत आहे, पण तीन गोष्टी विचारल्याशिवाय बोलणे योग्य होणार नाही. पिनांवर झिंक प्लेटिंग केले होते का? टेंपरिंग, म्हणजे कठीण केल्यावर पुन्हा बेताने तापवणे, किती अंशांना झाले? आणि तिन्ही पिना कोणत्या जागी मोडल्या?

प्लेटिंगचे विचारण्याचे कारण असे की, इतक्या कठीण पोलादात आम्लाच्या टाकीतून आणि प्लेटिंगच्या टाकीतून हायड्रोजन शिरतो आणि नंतर लगेच १९० ते २२० अंशांना काही तास भाजून तो बाहेर काढला नाही, तर पिन नुसत्या ताणाखाली उभ्या उभ्याही तडकू शकते. तो रोग वेगळा आणि त्याचे औषधही वेगळे.

मायक्रोमीटर

प्लेटिंग नाही, नुसते तेल लावून दिल्या होत्या. हीट ट्रीटमेंट बाहेर करून घेतो. त्यांच्या कार्डावर ८५० अंश, तेलात क्वेंच (विझवणे) आणि ३७० अंशांना एक तास टेंपर असे लिहिलेले आहे. तिन्ही पिना डोक्याच्या बरोबर खाली, जिथे दांडी डोक्याला मिळते त्या कोपऱ्यातच मोडल्या.

भट्टीकर

मग हीट ट्रीटमेंटवाल्याला दोष देऊ नका. आपण मागितलेला हार्डनेस त्याने तंतोतंत दिला आणि ईएन १९ मध्ये तो आकडा द्यायचा तर ३७० अंशांच्या आसपासच टेंपर करावे लागते. अडचण अशी की, पोलादाच्या टेंपरिंगच्या वाटेवर नेमकी तीच जागा खड्ड्याची आहे.

ईएन १९ चा जो अमेरिकन जोड आहे, म्हणजे ४१४०, त्याचे हातपुस्तिकांत छापलेले आकडे पाहा. १३ मिलिमीटरचा गोल तुकडा ८४५ अंशांवरून तेलात विझवला आणि वेगवेगळ्या तापमानांना टेंपर करून आयझॉड यंत्रावर लंबकाच्या हातोड्याने तोडला, तर साधारण असे दिसते. २०५ अंशांना टेंपर केल्यावर ब्रिनेल (कठीणपणाचे दुसरे माप) ५७८ आणि तुटायला लागलेली ऊर्जा १५ ज्यूल. ३१५ अंशांना ब्रिनेल ४९५ पर्यंत उतरतो, म्हणजे पोलाद मऊ झाले. तेव्हा ऊर्जा वाढायला हवी, पण ती ९ ज्यूलवर येते. ३७० अंशांना ब्रिनेल ४६१, म्हणजे आपल्या पिनेइतका, आणि ऊर्जा पुन्हा १५. याचा अर्थ २०५ ते ३७० या वाटचालीत शंभराहून जास्त ब्रिनेलचा कठीणपणा आपण मोजून दिला आणि त्याच्या बदल्यात चिवटपणा एक ज्यूलनेही मिळाला नाही. यानंतर मात्र चढ सुरू होतो. ४२५ अंशांना २८, ४८० ला ४५, ५४० ला ६५ आणि ५९५ ला ९३ ज्यूल. त्या शेवटच्या टप्प्यावर ब्रिनेल ३११ राहतो, म्हणजे सुमारे ३३ रॉकवेल.

या खड्ड्याचे कारण थोडक्यात सांगतो. तेलात विझवल्यावर पोलादात मार्टेन्साइटच्या, म्हणजे पोलादाच्या अतिशय कठीण रूपाच्या, बारीक पट्ट्या बनतात आणि त्यांच्या मधल्या फटींत न बदललेले थोडे ऑस्टेनाइट, म्हणजे तापलेल्या पोलादाचे रूप, पातळ पापुद्र्यासारखे अडकून राहते. २५० ते ४०० अंशांच्या दरम्यान हे ऑस्टेनाइट मोडते आणि त्याच्या जागी सिमेंटाइटचा, म्हणजे लोखंड आणि कर्ब यांच्या अतिशय ठिसूळ संयुगाचा, तसाच पातळ पापुद्रा बसतो. भडक तापवताना पोलादाच्या स्फटिककणांच्या सीमांवर गोळा झालेला फॉस्फरस त्याच्या मदतीला असतोच. तडा एकदा सुरू झाला की त्याला या पापुद्र्यांतून तयार रस्ता मिळतो. अधिक तापमानाला हेच सिमेंटाइट गोळ्या-गोळ्यांचे होऊन विखुरते, रस्ता तुटतो आणि पोलाद पुन्हा चिवट होते. म्हणून २५ वर्षांच्या अनुभवानंतर माझा साधा नियम असा आहे की, ज्या जॉबला धक्का बसणार आहे त्याच्या ड्रॉइंगवर कमी मिश्रधातूच्या पोलादासाठी ४६ ते ५२ रॉकवेल लिहिलेले दिसले, की भट्टी पेटवण्याआधी फोन लावायचा.

कणसीमा

भट्टीकरांनी उष्णतेची बाजू फारच नेमकी मांडली आहे. मी धातुशास्त्र शिकवतो, तेव्हा रासायनिक घडणीची बाजू थोडी विस्ताराने लिहितो, कारण ‘सगळे मर्यादेत आहे’ या वाक्यात बरेच काही लपून राहते.

आधी शब्दांविषयी. कठीणपणा म्हणजे टोचण्याला होणारा विरोध, ताकद म्हणजे ओढण्याला होणारा विरोध आणि चिवटपणा म्हणजे खाच किंवा चीर असतानाही तुटण्यापूर्वी ऊर्जा पचवण्याची कुवत. ‘खाच असताना’ हे महत्त्वाचे, म्हणूनच शार्पीच्या चाचणीत १० बाय १० बाय ५५ मिलिमीटरच्या तुकड्यावर मुद्दाम २ मिलिमीटर खोल व्ही आकाराची खाच पाडतात आणि लंबकाच्या हातोड्याने तो तोडतात. हातोडा पलीकडे किती कमी उंच गेला यावरून किती ऊर्जा खर्च झाली ते कळते. रॉकवेलचे यंत्र यातले काहीच सांगू शकत नाही.

घडणीत सर्वांत मोठा वाटा कर्बाचा. कर्ब वाढवला की ताकद स्वस्तात मिळते, पण चिवटपणा त्याची किंमत मोजतो. साध्या कर्बाच्या पोलादावर पन्नासच्या दशकात झालेल्या प्रयोगांतून निघालेला ठोकताळा असा आहे की, कर्ब ०.१ टक्क्याने वाढला तर पोलाद ठिसूळ होण्याचे तापमान साधारण १४ अंश सेल्सिअसने वर सरकते आणि मँगनीज ०.१ टक्क्याने वाढवले तर ते साडेपाच अंशांनी खाली येते. म्हणूनच पुलाच्या किंवा जहाजाच्या पोलादात कर्बाच्या तिप्पट तरी मँगनीज असावे असे म्हणतात. थंडीसाठी खरा राजा निकेल. द्रवरूप नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांना साठवायच्या टाक्या ९ टक्के निकेलच्या पोलादाच्या करतात, कारण त्या थंडीत साधे बांधकामाचे पोलाद काचेसारखे वागते.

मग येतात दोन नको असलेले पाहुणे. गंधक एकटा सापडला तर लोखंडाबरोबर असे संयुग करतो की ते साधारण ९८८ अंशांनाच वितळते, त्यामुळे लाल तापवून ठोकताना पोलाद फुटते. मँगनीज त्याला पकडून ठेवते, पण जे मँगनीज सल्फाइड बनते ते रोलिंगमध्ये लांबट शेवयांसारखे ताणले जाते. अशा सळईचा चिवटपणा लांबीच्या दिशेने चांगला आणि आडव्या दिशेने बराच कमी निघतो. फॉस्फरस ताकद वाढवतो खरा, पण गार पोलादाला ठिसूळ करतो आणि कणांच्या सीमांवर जाऊन बसण्याची त्याला खोड आहे. ०.०३३ टक्के हे प्रमाण नियमात बसते, तरी ०.०१२ टक्के फॉस्फरसचा माल त्याच ३७० अंशांना टेंपर केला असता तर तो काही ज्यूलनी बरा निघाला असता, असे मला वाटते. चुकीच्या तापमानाचा खड्डा मात्र त्याने भरून निघाला नसता.

या घडणीचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे टायटॅनिक. समुद्रतळावरून आणलेल्या तिच्या पत्र्याची १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली तपासणी सांगते की, त्यात कर्ब ०.२१, मँगनीज फक्त ०.४७, फॉस्फरस ०.०४५ आणि गंधक ०.०६९ टक्के होते. २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेत तुटणे म्हणजे ठिसूळ, अशी रेघ मानली तर हे पोलाद लांबीच्या दिशेने ३२ अंशांना आणि आडव्या दिशेने ५६ अंशांना ठिसूळ व्हायला लागत होते; त्याच कसोटीवर आजच्या ए ३६ या सामान्य बांधकामाच्या पोलादाचे उत्तर उणे २७ अंश आले. त्या रात्री पाणी उणे २ अंशांचे होते.

जुना दर्यावर्दी

कणसीमा यांच्या आकड्यांबद्दल वाद नाही, पण टायटॅनिक पोलादामुळे बुडाले असा निष्कर्ष कोणी काढू नये. १९१२ च्या मानाने ते पोलाद बरेच बरे होते आणि हिमनगाने घासले तेव्हा पत्रे फुटण्यापेक्षा शिवणी उसवल्या, हे मत आता जास्त मानले जाते. काही रिव्हेटांच्या लोखंडात मळीचे (स्लॅगचे) प्रमाण भलतेच निघाले होते. ठिसूळ पोलादाचे खरे शुद्ध उदाहरण हवे असेल तर १६ जानेवारी १९४३ चे घ्यावे. ओरेगॉनमधल्या पोर्टलंड येथे स्केनेक्टडी नावाचे नवेकोरे तेलवाहू जहाज, सागरी चाचण्या आटोपून धक्क्याला शांत पाण्यात उभे असताना, मोठा आवाज होऊन डेकपासून जवळजवळ तळापर्यंत दुभंगले. ना वादळ, ना टक्कर, फक्त गारठा. रिव्हेटच्या जहाजात तडा पत्र्याच्या कडेला थांबतो. सगळे वेल्डिंगने जोडलेले असेल तर त्याला थांबायला जागाच नसते.

कणसीमा

दुरुस्ती मान्य. शिकवताना टायटॅनिकचे नाव घेतले की शेवटच्या बाकावरची मुलेही जागी होतात, हा माझा स्वार्थ. त्या युद्धकालीन जहाजांचा अभ्यास केंब्रिजमध्ये कॉन्स्टन्स टिपर यांनी केला आणि दोष केवळ वेल्डिंगचा नसून पोलाद विशिष्ट तापमानाखाली ठिसूळ होते हा आहे, असे दाखवून दिले. आपल्याकडच्या आयएस २०६२ या मानकात ई २५० पोलादाचे ए, बीआर, बी०, सी असे पोटप्रकार असतात, त्यांचे मूळ याच अनुभवात आहे. घडण जवळजवळ तीच, पण २७ ज्यूलची हमी बीआरला साध्या तापमानाला, बी० ला शून्य अंशाला आणि सी ला उणे २० अंशांना द्यावी लागते.

कमानपाटा

धागा फार आवडला. माझा प्रश्न जरा गावाकडचा आहे. आमच्या गावातले लोहार ऊसतोडीचे कोयते जुन्या ट्रकच्या कमानपाट्यापासून बनवतात. काकांना मी लहानपणापासून पाहत आलो आहे. कोयता लालभडक झाला की सांडशीने धरून ते फक्त धारेचा भाग पाण्यात बुडवतात, पाठीचा भाग वरच ठेवतात. मग बाहेर काढून विटेच्या तुकड्याने धारेजवळ चटकन घासतात आणि त्या उजळ पट्टीकडे टक लावून पाहतात. पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते तसा त्या पट्टीवर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा रंग पळत येतो. हवा तो रंग धारेवर पोचला की सगळा कोयता पाण्यात. निळा आला तर ‘पाणी उतरलं’ म्हणतात आणि पुन्हा भट्टीत घालतात. त्यांना ना रॉकवेल ठाऊक, ना शार्पी. तरी त्यांचा कोयता दगडावर बसला तर धार मुडपते, तुकडा उडत नाही. हे नेमके काय घडते?

दुसरे असे की, एकदा मी हौसेने जुन्या बेअरिंगच्या कड्याचा सुरा करून घेतला होता. तो पहिल्याच नारळावर दोन तुकडे झाला. काकांनी तेव्हा एवढेच म्हटले होते की, ‘हे लोखंड रागीट आहे.’

भट्टीकर

आपल्या काकांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी एकाच कोयत्यात दोन हीट ट्रीटमेंटी केल्या आहेत. धार पाण्यात विझली म्हणून तिथे मार्टेन्साइट झाले, पाठ सावकाश गार झाली म्हणून ती मऊ आणि चिवट राहिली आणि त्याच पाठीच्या उष्णतेने धारेचे टेंपरिंग झाले. गवती पिवळा रंग साधारण २२० ते २३० अंशांना येतो, तपकिरी २५५ च्या आसपास, जांभळा २८० ला आणि निळा ३०० ला. रंग म्हणजे पृष्ठभागावर चढणारा ऑक्साइडचा पातळ थर. तो जाड होतो तसा रंग बदलतो. जास्त वेळ धरल्यास कमी तापमानालाही पुढचा रंग येतो, म्हणून रंगावरचे टेंपरिंग हे झटपट करायचे काम आहे.

कमानपाट्याची निवडही अपघाती नाही. पाट्याच्या ईएन ४५ मध्ये कर्ब सुमारे ०.५५ आणि सिलिकॉन दीड ते दोन टक्के असते. वर ज्या खड्ड्याबद्दल लिहिले तो सिलिकॉनमुळे वरच्या तापमानाकडे सरकतो, कारण सिलिकॉन सिमेंटाइटला लवकर तयार होऊ देत नाही. विमानांच्या लँडिंग गिअरसाठी वापरले जाणारे ३०० एम हे पोलाद याच युक्तीवर उभे आहे. त्यात सुमारे १.६ टक्के सिलिकॉन घातल्यामुळे ते ३०० अंशांना टेंपर करूनही ठिसूळ होत नाही. साध्या ईएन १९ ला तीच वागणूक दिली तर आपल्या पिनेसारखी गत होते.

बेअरिंगचे कडे म्हणजे ईएन ३१, त्यात १ टक्का कर्ब आणि सव्वा टक्क्याच्या आसपास क्रोमियम. ते गोळ्यांखाली दाबले जाण्यासाठी आहे, नारळावर आपटण्यासाठी नाही. शिवाय भात्याच्या भट्टीत ते अंदाजाने जास्त तापले असेल, तर कण मोठे झाले असणार आणि मोठ्या कणांचे पोलाद ठिसूळ असते. ताकद आणि चिवटपणा हे दोन्ही एकदम वाढवणारा मार्ग एकच आहे, तो म्हणजे कण बारीक ठेवणे; म्हणूनच वितळताना थोडे ॲल्युमिनियम घालतात आणि म्हणूनच फोर्जिंगनंतर नॉर्मलाइज (तापवून हवेत गार) केल्याशिवाय कठीण करायला मी जॉब घेत नाही. ‘रागीट’ हा शब्द मात्र मी आता दुकानात वापरणार आहे.

जाता जाता एक उलटी गंमत. दगडखाणीतल्या क्रशरचे जबडे आणि रेल्वेचे क्रॉसिंग ज्या हॅडफिल्ड पोलादाचे ओततात, त्यात सुमारे १.२ टक्के कर्ब आणि १२ ते १३ टक्के मँगनीज असते. ते साच्यातून सावकाश गार झाले तर कणसीमांवर कार्बाइड जमून हातोड्याने फुटते; १०५० अंशांना तापवून पाण्यात टाकले तर मात्र कमालीचे चिवट होते. पाण्याने पोलाद कडकच होते हा आपला समज तिथे पूर्ण उलटा पडतो, कारण त्या घडणीत मार्टेन्साइट होतच नाही.

वाळूसिमेंट

घराचे बांधकाम सुरू आहे म्हणून विचारतो. टीएमटी सळईलाही पाणीच देतात ना? मग ती ठिसूळ का होत नाही? आणि ५०० व ५०० डी यांत फरक काय?

कणसीमा

आपल्या सळईत कोयत्याचेच तत्त्व आहे. रोलिंगमधून लाल बाहेर पडणाऱ्या सळईवर क्षणभर जोराचे पाणी मारतात, बाहेरची साल मार्टेन्साइट होते आणि आतली उष्णता बाहेर येऊन तिचे टेंपरिंग करते. गाभा फेराइट-पर्लाइटचा, मऊ राहतो. आयएस १७८६ प्रमाणे ५०० च्या सळईत कर्ब ०.३० टक्क्यांपर्यंत आणि गंधक-फॉस्फरस मिळून ०.१०५ पर्यंत चालतो, तर ५०० डी मध्ये कर्ब ०.२५ आणि ती बेरीज ०.०७५ वर थांबते. लांबण, म्हणजे तुटण्यापूर्वी ताणले जाणे, किमान १२ ऐवजी १६ टक्के असावी लागते. ताकद तीच, पण भूकंपात वाकून उभी राहायची कुवत अधिक. साइटवर वाकवायला सोपी जावी म्हणून सळई कोणी आगीत तापवत असेल तर त्याला थांबवा, कारण ती साल तिथेच बिघडते.

मायक्रोमीटर

सर्वांचे आभार. मधल्या दहा दिवसांत जे केले ते लिहितो. परत आलेल्या पिनांपैकी काही जशाच्या तशा ठेवल्या, काही ६०० अंशांना दोन तास पुन्हा टेंपर करून घेतल्या आणि दोन्हींचे शार्पीचे तुकडे काढले. ४९ रॉकवेलच्या पिनेतून तुकडा काढणे हेच एक काम झाले; खाच पाडायचे ब्रोच हे हत्यार त्यावर चालेना, शेवटी वायरकटने कापून खाच ग्राइंडिंगने पाडावी लागली. जुन्या पिनांचे तीन तुकडे ११, १३ आणि १२ ज्यूलला तुटले. ६०० अंशांच्या पिनांचा हार्डनेस ३२ ते ३३ आला आणि ऊर्जा ७८, ८४ आणि ८१ ज्यूल. माल तोच, लॉट तोच, क्वेंचही तोच. तुटलेले चेहरे शेजारी ठेवले तर एक खडीसाखर आणि दुसरा पिळून मोडलेल्या उसाच्या कांड्यासारखा, राखी आणि तंतुमय, कडेला ओठ निघालेला.

प्रश्न असा उरला की, ३२ रॉकवेलची पिन पुन्हा झिजणार. यावर काय करावे?

भट्टीकर

झीज कातडीची असते आणि धक्का गाभ्याला बसतो, तेव्हा दोघांना वेगळे वाढा. पूर्ण पिन ६०० अंशांच्या टेंपरवर ठेवा आणि जिथे हुक घासतो तेवढाच मधला पट्टा इंडक्शनने (विजेच्या गुंडाळीने तापवून) दोन मिलिमीटर खोल कठीण करून १८० अंशांना भाजून घ्या. ५२ ते ५५ रॉकवेल मिळेल. कठीण पट्टा डोक्याच्या कोपऱ्यापर्यंत नेऊ नका, त्याची कड तिथे संपली तर आपणच चिरेला घर बांधून दिल्यासारखे होईल. आणि तो कोपरा कसा टर्न करता ते पाहा. टूलच्या टोकाइतका धारदार कोपरा म्हणजे शार्पीची खाचच. किमान ३ मिलिमीटरची त्रिज्या द्या आणि टूलच्या रेघा पॉलिश करा.

आणखी एक. ६०० अंशांच्या टेंपरनंतर जॉब भट्टीतच रात्रभर गार होऊ देऊ नका, बाहेर काढून गार करायला सांगा. ५७५ ते ३७५ अंशांच्या पट्ट्यातून सावकाश उतरताना फॉस्फरस, कथील, अँटिमनी कणसीमांवर जमतात आणि पोलाद दुसऱ्या प्रकारे ठिसूळ होते. हार्डनेसमध्ये याचाही मागमूस लागत नाही. इंग्लंडमधल्या हिंकली पॉइंट अणुवीजकेंद्रात १९६९ मध्ये टर्बाइनची चकती फुटली, तिच्या क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादात हाच दोष निघाला होता. ईएन १९ मधले पाव टक्का मॉलिब्डेनम आपले बरेच रक्षण करते आणि ३० मिलिमीटरच्या पिनेला हवाही पुरते. हा दोष पुन्हा ६०० च्या वर तापवून लवकर गार केला की जातो, एवढे त्यातल्या त्यात बरे.

मायक्रोमीटर

ड्रॉइंग बदलले. ‘४८ ते ५० रॉकवेल’ ही ओळ खोडून तिथे आता गाभा ३० ते ३४, मधला ४० मिलिमीटरचा पट्टा ५२ ते ५५, डोक्याखाली त्रिज्या ३, टेंपर किमान ५८० अंश व भट्टीबाहेर गार, आणि प्रत्येक लॉटमागे साध्या तापमानाला शार्पीचे तीन तुकडे किमान ५० ज्यूल, असे लिहिले आहे. हीट ट्रीटमेंटवाल्यांनी कागद दोनदा वाचला आणि हुकपिनेला शार्पी कशाला, असे हसून विचारले. मी खिशातला खडीसाखरेचा तुकडा काढून त्यांच्या टेबलावर ठेवला; दर थोडा वाढवून त्यांनी काम घेतले आहे. पहिल्या वीस पिना सोमवारी येतील.